पंचवीस पेट्यांची वाईन : प्रकल्प नोंदी, २०१० ते २०१२

२९ ऑक्टोबर २०१०, अलेक्झांडर व्हॅली, सोनोमा, कॅलिफोर्निया

सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाने काल रात्री वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे चार विजयांनी जिंकायच्या अंतिम मालिकेचा, दुसरा सामनाही ९–० असा जिंकला, आणि आज सकाळी आठच्या सुमारास शेजारचे तीन द्राक्ष बागायतदार वाईनरीच्या दारात येऊन उभे राहिले. संघ जिंकलाच, तर या विजयाची आठवण म्हणून एक स्वतंत्र वाईन करायची, संघातल्या पंचवीस खेळाडूंना प्रत्येकी एक पेटी द्यायची आणि उरलेली आपल्या घरच्या मंडळींत वाटून घ्यायची, असा त्यांचा प्रस्ताव आहे. खर्च तिघे मिळून करणार आहेत आणि वाईन विकायची नाही. संघ अजून जिंकलेला नाही, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले. त्यावर तिघांपैकी जे सर्वांत वयस्क आहेत ते म्हणाले, की ते १९५८ पासून वाट पाहत आहेत आणि या वेळी त्यांना बोलणी आधी करून ठेवायची आहेत.

जायंट्सनी शेवटचे विजेतेपद १९५४ साली मिळवले, तेव्हा तो न्यूयॉर्कचा संघ होता. १९५८ साली तो सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि तेव्हापासून त्याने इथे एकही विजेतेपद जिंकलेले नाही. या वृद्ध गृहस्थांना १९६२ चा सातवा सामना अजून खुपतो. शेवटच्या डावात दोघे बाद, धावा करण्याच्या बेतात असलेले दोघे गडी तळांवर, संघ ०–१ असा मागे, अशा वेळी विली मकोव्ही यांनी मारलेला जोरदार फटका प्रतिस्पर्धी यांकीज संघाच्या बॉबी रिचर्डसन यांच्या थेट हातात गेला. त्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर प्रशांत महासागरावरून आलेल्या मोठ्या वादळाने सॅन फ्रान्सिस्कोतले सामने काही दिवस खोळंबले होते, आणि त्याच पावसाने झाडावरची द्राक्षे सडवली, असे ते सांगतात. एकाच आठवड्यात दोन्हीकडून गेल्याचे दुःख माणूस अठ्ठेचाळीस वर्षे जपून ठेवू शकतो, हे मला आज कळले.

मी एकच अट घातली. ज्या दिवशी संघ जिंकेल त्या दिवशी जी द्राक्षे वेलीवर असतील त्यांचीच ही वाईन होईल. टाकीत आधीपासून असलेल्या वाईनवर नवे लेबल चिकटवून स्मृती तयार करायची असेल, तर त्यांनी दुसरीकडे जावे. साधारण वर्षी ही अट निरर्थक ठरली असती, कारण ऑक्टोबरच्या शेवटी बागा रिकाम्या असतात. यंदा मात्र उन्हाळा थंड गेला, पीक दोन-तीन आठवडे मागे राहिले आणि त्यांच्यापैकी एकाच्या टेकडीवरच्या वरच्या तुकड्यात कॅबर्ने सोव्हिन्यॉं हे लाल वाईनचे द्राक्ष अजून लटकते आहे.

दुपारी तो तुकडा पाहून आलो. थंड हवेत भुरी ही बुरशी वाढू नये म्हणून जुलैत घडांभोवतीची पाने काढली गेली होती आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पारा अचानक अडतीस अंशांच्या वर गेला, तेव्हा उघड्या पडलेल्या घडांची पश्चिमेकडची बाजू भाजून निघाली. त्या बाजूचे मणी आता सुकून बेदाण्यासारखे झाले आहेत. गेल्या शनिवार-रविवारी पाऊसही झाला, पण कॅबर्नेची साल जाड आणि घड मोकळा असल्यामुळे कूज फारशी दिसली नाही; याच जागी दाट घडांचे झिनफँडेल असते, तर आज मी या लोकांना नकार दिला असता. निरनिराळ्या वेलींवरून शंभर मणी गोळा करून पिळले, साखर २३.६ ब्रिक्स (रसातल्या साखरेचे टक्के) भरली. बी चावून पाहिले, तर तपकिरी होते पण अजून थोडे तुरट लागले. तीन-चार दिवसांचे ऊन मिळाले पाहिजे.

परत येताना हिशेब मांडला. ओकचे एक पिंप २२५ लिटरचे, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या तीनशे बाटल्या, म्हणजे बाराच्या बरोबर पंचवीस पेट्या. खेळाडूही पंचवीस. आकडे इतके नेमके जुळले, की मला लगेच संशय आला. तळघरात कोणताही आकडा शेवटपर्यंत तसाच राहत नाही. बाष्पीभवन, गाळ आणि चाखण्यासाठी काढलेले नमुने यांचा विचार करून तीन पिंपांपुरती, म्हणजे अर्ध्या टनाची तीन खोकी भरतील एवढी द्राक्षे घ्यायचे ठरवले.

१ नोव्हेंबर २०१०, रात्री

तिसरा सामना टेक्सास रेंजर्सने घेतला, चौथा जायंट्सने. आणि आज पाचव्या सामन्यात सहा डावांपर्यंत दोन्ही संघांची एकही धाव नव्हती. खोकी धुताना रेडिओ चालू ठेवला होता. सातव्या डावात जायंट्सचे एडगर रेंटेरिया यांनी रेंजर्सचे क्लिफ ली यांच्या चेंडूवर तीन धावांचा होमरन मारला, रेंजर्सने एक धाव परत मिळवली आणि जायंट्सचे पिचर (चेंडू टाकणारे) टिम लिन्सेकम यांनी आठ डावांत दहा फलंदाज स्ट्राइकआउट, म्हणजे फटका न लागू देताच बाद, केले. शेवटच्या डावात ब्रायन विल्सन यांनी तिघांना थांबवले, तेव्हा साडेसात वाजत आले होते. ३–१. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला चार धावांच्या सामन्यात एवढा जीव अडकतो कसा हे समजायला मला इथे पाच हंगाम लागले. यंदा इथल्या लोकांनी या संघाच्या खेळाला ‘यातना’ असेच नाव ठेवले होते आणि आज ते मला पटले.

कार्यालयातल्या दूरचित्रवाणीवर खेळाडू डोळ्यांना चष्मे लावून एकमेकांवर फेसाळ वाईनच्या बाटल्या रिकाम्या करताना दिसले. त्या बाटल्यांमागेही कुणाचे तरी दोन-तीन वर्षांचे काम असते, हा विचार व्यवसायामुळे मनात येतोच. आमची वाईन अंगावर ओतण्याच्या वेळेला तयार नसेल, हे एका अर्थी बरेच आहे.

नऊ वाजता दूरध्वनी आला. पहाटे पाचला तोडणी.

२ नोव्हेंबर २०१०

पहाटे तापमान नऊ अंश होते. तोडणीला आठ जण होते, सगळे मूळचे मेक्सिकोचे. कपाळावर दिवे लावून ते ओळींतून इतके झपाट्याने पुढे जातात, की मागून खोकी ओढणाऱ्याला धावावे लागते. दोघांच्या डोक्यावर संघाच्या काळ्या टोप्या होत्या आणि त्यांच्याही डोळ्यांत झोप नव्हती. मी त्यांना ओळीच्या पश्चिम बाजूचे घड हातात घेऊन दाखवले, भाजलेला भाग कात्रीने काढून उरलेला घड घ्यायचा असे सांगितले आणि त्या कामाची मजुरी वजनावर न ठेवता तासावर ठेवली, कारण वजनावर पैसे देऊन निवड करून घेता येत नाही.

तीन खोकी, एकूण १,३४० किलो. वाईनरीत निवडीच्या टेबलावर पुन्हा एकदा सुकलेले मणी वेचून काढले. देठ वेगळे केले आणि मणी फार न चिरडता लहान उघड्या हौदांत सोडले. साखर २४.३ ब्रिक्स, पीएच ३.५८, आम्लता लिटरला ६.६ ग्रॅम. गेल्या काही वर्षांत या खोऱ्यातून येणाऱ्या गोड, जड रसांच्या तुलनेत हा रस सडपातळ आहे आणि मला तो आवडला. दशलक्ष भागांत चाळीस भाग या प्रमाणात सल्फर डायऑक्साइड दिला आणि हौद थंड ठेवले.

वडिलांशी बोलणे झाले. दिंडोरीला आमच्या बागेत ऑक्टोबर छाटणी उरकून नवी फूट निघाली आहे, आणि इथे मी तोडणी करतो आहे हे त्यांना अजूनही उलटे वाटते. आमची द्राक्षे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि बहुतेक खाण्यासाठी जातात. या धंद्याशी आमच्या भागाची ओळख सोनोमाच्याच वाटेने झाली, कारण २००० साली नाशिकमध्ये सुलाची पहिली वाईन निघाली तेव्हा राजीव सामंत यांच्याबरोबर इथलेच वाईनतज्ज्ञ केरी डॅम्स्की होते. मी त्या वाटेने उलट दिशेला आलो, एवढेच.

५ नोव्हेंबर २०१०

परवा, धनत्रयोदशीच्या दिवशी, सॅन फ्रान्सिस्कोत संघाची मिरवणूक झाली, आज लक्ष्मीपूजन. हौदांत काल यीस्ट सोडले होते, पण आज संध्याकाळपर्यंत रस जागचा हललेला नाही. सप्टेंबरमध्ये हेच काम असते तर रस तापू नये म्हणून धडपड करावी लागली असती. नोव्हेंबरच्या रात्री त्याच्या उलट अडचण आहे. रसाचे तापमान चौदा अंशांवर अडकले आहे आणि एवढ्या थंडीत यीस्ट नीट सुरू होत नाही. स्टेनलेस स्टीलच्या डब्यांत गरम पाणी भरून ते हौदांत बुडवले आणि दोन हौदांवर जुनी कांबळी टाकली. तिसऱ्यासाठी काही सापडेना, तेव्हा घरून आईने शिवून दिलेली गोधडी आणली. तिच्या एका कोपऱ्याला जांभळा डाग पडला आहे आणि तो जाणार नाही.

११ नोव्हेंबर २०१०

किण्वन जोरात आहे. साल आणि बिया वर येऊन त्यांचा जो जाड थर बनतो तो दिवसातून तीनदा खाली दाबतो आहोत. सकाळी थराच्या आत हात घातला तर तो रसापेक्षा चार-पाच अंशांनी गरम लागतो, दाबून झाल्यावर सगळे एकसारखे ३० अंशांवर येते. रंग पहिल्या तीन दिवसांतच सालीतून रसात उतरला.

आज दुसऱ्या हौदाला सडक्या अंड्याचा वास आला. यीस्टला नायट्रोजन कमी पडला की ते हायड्रोजन सल्फाइड सोडते. उशिरा पिकलेल्या, ताण सोसलेल्या द्राक्षांत असे होते, आणि पोषक द्रव्य मी दोन दिवस आधी द्यायला हवे होते. ही चूक माझी आहे. दोष नेमका काय आहे ते पाहण्यासाठी तळघरातली जुनी युक्ती केली : १९८२ पूर्वीचे एक सेंटचे नाणे घासून स्वच्छ केले आणि नमुन्याच्या पेल्यात टाकले. त्यानंतरची नाणी जस्ताची असून त्यांना तांब्याचा नुसता मुलामा असतो, म्हणून जुनेच नाणे लागते. पेला फिरवला आणि मिनिटभरात वास गेला, खाली काळ्या मनुक्यांचा आणि ओल्या मातीचा वास उघडा पडला. याचा अर्थ दोष साधा आहे, वाईनमध्ये मुरलेला नाही. पोषक द्रव्य दिले, रस उपसून हवेतून पुन्हा वरून सोडला. तांब्याच्या क्षाराचा उपाय कायद्याने मर्यादेत चालतो, पण तो मला शेवटचा पर्याय म्हणूनच हवा आहे.

२२ नोव्हेंबर २०१०

साखर संपली. वास पूर्ण गेला आहे. आज चोथा दाबून वाईन वेगळी केली. आपोआप निथळलेली आणि दाबून काढलेली वाईन वेगवेगळी चाखली. दाबलेली रांगडी आहे पण कडू नाही, म्हणून ती परत मिसळली. तीन पिंपे भरली, एक नवे फ्रेंच ओकचे आणि दोन जुनी, आणि वर एक लहान पीप. वाईन मुरत असताना पिंपातली पातळी खाली जाते आणि ती सतत भरून काढावी लागते. लेबलवर द्राक्षविभागाचे नाव आणि साल छापायचे असेल, तर किमान पंच्याण्णव टक्के वाईन त्याच सालची असावी लागते. पाच टक्क्यांची ही सवलत असली तरी या वाईनमध्ये ती मला वापरायची नाही. पातळी याच द्राक्षांच्या वाईनने भरायची, म्हणून ते पीप.

नाशिककडे अवकाळी पाऊस झाला. बाग फुलोऱ्यात असताना हा पाऊस म्हणजे केवडा हा बुरशीचा रोग आलाच. वडील फोनवर फवारण्यांपलीकडे काही बोलले नाहीत.

१८ जानेवारी २०११

तिन्ही बागायतदारांची बैठक झाली आणि ती बरीच लांबली. एप्रिलमध्ये नव्या हंगामाच्या सुरुवातीला खेळाडूंना विजेतेपदाच्या अंगठ्या मिळणार आहेत, त्याच आठवड्यात पेट्या पोहोचाव्यात असे त्यांना वाटते. पाच महिन्यांची कॅबर्ने बाटलीत भरता येते, पण ती पिताना कुणालाही आनंद होणार नाही. तिघांपैकी एकाने हळूच सुचवले, की तळघरात माझी २००८ ची तयार वाईन आहे, तिच्यावर लेबल लावले तर कोणाला कळणार? मला कळेल, असे मी सांगितले. शिवाय २००८ साली हा संघ विजयांपेक्षा पराभवांसाठी ओळखला जात होता. शेवटचा मुद्दा त्यांना पहिल्यापेक्षा अधिक पटला.

मग नावांचा विषय निघाला. एकाला बाटलीवर ब्रायन विल्सन यांची काळी दाढी हवी होती, दुसऱ्याला प्रत्येक पेटीवर त्या त्या खेळाडूचे नाव. वाईनच्या लेबलला अल्कोहोल अँड टोबॅको टॅक्स अँड ट्रेड ब्युरोची मंजुरी लागते, आणि हयात प्रसिद्ध व्यक्तीने या वाईनची शिफारस केली आहे असा समज होईल अशा रीतीने तिचे नाव वापरणे नियमात बसत नाही. खेळाडूचे चित्र, संघाचे चिन्ह आणि ‘वर्ल्ड सीरिज’ हे शब्द यांचे हक्क त्याहून वेगळे. वाईन विकायची नसली तरी हे विषय संपत नाहीत, असा आमच्या सल्लागाराचा इशारा आहे.

बॉस्टन रेड सॉक्सच्या तीन खेळाडूंच्या वाईन २००७ साली रीतसर परवानगीने आल्या होत्या, त्यांचाही उल्लेख झाला. २००४ साली शहाऐंशी वर्षांनी विजेतेपद मिळवणाऱ्या संघातले हे तिघे : कर्ट शिलिंग यांच्या नावाची शार्डोने, टिम वेकफिल्ड यांच्या नकलबॉल या खास चेंडूच्या नावावर कोटी करणारी कॅबर्ने आणि मॅनी रामिरेझ यांची मर्लो. उत्पन्न खेळाडूंनी निवडलेल्या धर्मादाय कामांना दिले गेले, हेतू चांगलाच होता. पण त्या बाटल्यांची सगळी गंमत नावातल्या कोटीत होती आणि आत कोणत्या बागेची कोणती द्राक्षे आहेत याच्याशी कोणाला कर्तव्य नव्हते. दुसऱ्या टोकाला टॉम सीव्हर आहेत. १९६९ साली विजेत्या ठरलेल्या न्यूयॉर्क मेट्सचा हा थोर पिचर, कारकिर्दीत ३११ विजय नावावर असलेला, इथून डोंगरापलीकडे कॅलिस्टोगाजवळ डायमंड माउंटनवर स्वतः कॅबर्नेची बाग राखतो आणि तिची वाईन स्वतःच्या आद्याक्षरांनी विकतो. छाटणीची कात्री घेऊन ओळींतून फिरणाऱ्या माणसाचे नाव बाटलीवर असणे मला समजते. आमच्या पंचवीस खेळाडूंनी ही बाग पाहिलेलीही नाही. नाव न घालता ही वाईन त्यांची कशी होईल, हा प्रश्न आज तसाच राहिला.

नऊ खेळाडू म्हणून नऊ जातींची द्राक्षे मिसळावी, अशीही एक सूचना आली होती. पिचर दर चार-पाच दिवसांनी बदलतो, राखीव खेळाडू सामने फिरवतात आणि रेंटेरिया तर हंगामात बराच काळ जखमी होते. नऊ हा आकडा फक्त मैदानावरचा आहे, असे म्हणून ती बाजूला ठेवली.

९ एप्रिल २०११

आज अंगठ्यांचा समारंभ झाला. तिन्ही बागायतदार मैदानावरून थेट इथे आले आणि पिंपातून काढलेली वाईन प्याले. चेहरे फारसे खुलले नाहीत, आणि खुलण्यासारखे सध्या काही नाही. तळघर हिवाळाभर थंड राहिल्याने मॅलोलॅक्टिक किण्वन अर्ध्यावर थांबले आहे. कच्च्या सफरचंदासारखे आंबट असलेले मॅलिक आम्ल सौम्य लॅक्टिक आम्लात बदलायचे काम जिवाणूंनी सोडून दिले आहे. कागदावरच्या चाचणीत मॅलिकचा पिवळा ठिपका तिन्ही नमुन्यांत स्पष्ट दिसतो. पिंपे उबदार खोलीत हलवली.

जूनपर्यंत ठिपका गेला पाहिजे.

२६ मे २०११

काल रात्रीच्या सामन्यात होम प्लेटवर झालेल्या धडकेत कॅचर बस्टर पोझी यांचा पाय मोडला. यंदाचा हंगाम त्यांच्यासाठी संपला. पंचवीस पेट्यांपैकी एक त्यांची आहे. मॅलिकचा ठिपका दोन पिंपांत नाहीसा झाला, नव्या पिंपात अंधूक आहे.

३ ऑक्टोबर २०११

जायंट्स बाद फेरीत पोहोचले नाहीत. पाऊस सुरू आहे आणि यंदाचे पीक वेलीवर आहे. या प्रकल्पात पातळी भरण्यापलीकडे काही काम नाही.

१६ फेब्रुवारी २०१२

तिन्ही पिंपे शेजारी शेजारी चाखली. जुन्या दोन पिंपांतली वाईन मोकळी झाली आहे : काळी मनुके, थोडे तमालपत्र, शेवटी जिभेच्या कडांना धरणारा पण न बोचणारा तुरटपणा. नव्या पिंपातल्या वाईनला लाकडाचा आणि व्हॅनिलाचा वास फार लागला आहे; एकटी प्यावी अशी ती नाही, पण तिच्यात मध्यभाग भरलेला आहे, जो इतर दोघींत पातळ वाटतो. प्रयोगशाळेत शंभर मिलिलिटरच्या मोजपात्रात निरनिराळी प्रमाणे करून पाहिली आणि शेवटी तिन्ही पूर्णपणे एकत्र करण्याचे ठरवले. सर्वांत चांगले पिंप खेळाडूंसाठी ठेवून उरलेली दोन घरी न्यावी, असे बागायतदारांना वाटत होते. त्यांना तिन्ही आणि मिश्रण झाकून चाखायला दिले, तेव्हा तिघांनीही मिश्रणच निवडले. एका पिंपाच्या बरोबर पंचवीस पेट्या, हा पहिल्या दिवशीचा देखणा हिशेब इथे संपला.

अल्कोहोल १४.२ टक्के. चौदाच्या वर गेल्याने गॅलनमागे केंद्रीय कर १.०७ डॉलरऐवजी १.५७ डॉलर बसणार. दोन दशांशांसाठी वाईनमध्ये पाणी घालण्याइतका तो फरक मोठा नाही.

२० एप्रिल २०१२

लेबलचा प्रश्न त्या वृद्ध बागायतदारांनीच सोडवला. ते प्रत्येक सामन्याची गुणनोंद कागदावर पेन्सिलीने ठेवतात, अगदी घरी रेडिओ ऐकतानाही. पाचव्या सामन्याचा कागद त्यांनी माझ्या टेबलावर उलगडून ठेवला. चौकोनांच्या ओळी, त्यांत बारीक रेघा आणि अक्षरे, सातव्या डावाच्या चौकोनात पेन्सिल इतकी जोरात दाबलेली, की कागद मागून उमटला होता. खाली दोन ओळी :

००० ००० ३००
००० ००० १००

लेबलवर एवढेच छापायचे ठरले. कोणाचे नाव नाही, चिन्ह नाही, दाढी नाही. ज्याला हा खेळ कळतो तो पहिल्या तीन शून्यांपाशीच थबकेल, आणि ज्या पंचवीस जणांसाठी ही वाईन आहे त्यांना वाचूनही पाहावे लागणार नाही. खाली द्राक्षाची जात, अलेक्झांडर व्हॅली, २०१०, अल्कोहोलचे प्रमाण. मागे सल्फाइटचा उल्लेख आणि सरकारी इशारा. तोडणीची तारीख इथल्या पद्धतीने आधी महिना लिहून ११/२ अशी छापायची होती, पण ती पाहताना माझा डोळा दर वेळी फेब्रुवारी वाचतो, म्हणून महिना अक्षरांत लिहायला सांगितला.

१४ जून २०१२

काल रात्री मॅट केन यांनी परफेक्ट गेम टाकला. सत्तावीस फलंदाज, एकही तळापर्यंत पोहोचला नाही, चौदा जण स्ट्राइकआउट. जायंट्सच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडले. २०१० च्या अंतिम मालिकेतला दुसरा सामना यांनीच जिंकून दिला होता.

लेबलचा पहिला छापील गठ्ठा आज आला आणि त्यात वरच्या ओळीतला ३ आठव्या डावात गेला आहे. मी तो पाहून मंजूर करण्याच्या बेतात होतो. गुणनोंदवाले गृहस्थ खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाले, ‘‘हा दुसराच सामना आहे.’’ सगळा गठ्ठा परत पाठवला.

२२ ऑगस्ट २०१२

बाटल्या भरल्या. काल वाईन गाळण्याऐवजी फक्त गाळावरून अलगद काढून घेतली आणि मुक्त सल्फर डायऑक्साइड तीसवर आणला. सकाळी सात ते दुपारी एक, पाच माणसे. एकूण ६५८.५ लिटर : खेळाडूंसाठी तीनशे बाटल्या, त्यांच्या प्रत्येक पेटीबरोबर दीड लिटरची एक मोठी बाटली, आणि बागायतदारांसाठी चव्वेचाळीस पेट्या. मोठ्या बाटल्या यंत्रावर बसत नाहीत, त्या हाताने भरून हाताने बूच मारले. सतराव्या बाटलीचे बूच तिरके गेले, ते काढून पुन्हा बसवले. मोठ्या बाटलीत वाईनच्या मानाने हवा कमी असते आणि ती सावकाश वयात येते, म्हणून त्या दहा वर्षांनी उघडाव्यात, अशी चिठ्ठी प्रत्येकीच्या गळ्यात अडकवली आहे. ती वाचून कोणी दहा वर्षे थांबेल याची मला फारशी आशा नाही.

बाटलीत गेल्यावर वाईन काही आठवडे मुकी होते. आज संध्याकाळी चाखली, तर तिला लाकडाखेरीज काहीही सांगायचे नव्हते. हे नेहमीचे आहे, पण दोन वर्षांनंतर त्या दिवशी असे चाखणे जिवावर येते.

२६ सप्टेंबर २०१२

पेट्या रवाना झाल्या. पंचवीसमधले बरेच जण आता दुसऱ्या संघांत आहेत, रेंटेरिया यांचा खेळ थांबला आहे. त्यामुळे पत्ते शोधण्याचे काम बागायतदारांनी स्वतःकडे घेतले. एकेका राज्यात दारू पाठवण्याचे नियम निराळे आणि काही ठिकाणी खासगी व्यक्तीला थेट पाठवताच येत नाही, म्हणून काही पेट्या परवानाधारक मध्यस्थामार्फत जातील. माझ्याकडची नोंद पावत्यांपाशी थांबते.

हौदांना सध्या एक क्षण मोकळा नाही. यंदा हवा सरळ होती आणि पीक एवढे आले आहे, की खोऱ्यात रिकामी टाकी भाड्यानेही मिळत नाही.

२९ ऑक्टोबर २०१२

काल रात्री डेट्रॉइटमध्ये दहाव्या डावात ४–३, आणि जायंट्सनी मालिका ४–० अशी जिंकली. तीन वर्षांत दुसरे विजेतेपद.

सकाळी सात वाजता तिघेही दारात उभे होते. मी त्यांना माझी अट आठवण करून दिली आणि वरच्या तुकड्यात घेऊन गेलो. तोडणी २० तारखेला झाली होती. पाने पिवळी पडली आहेत आणि ओळींच्या टोकाला, तोडणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेले उशिराच्या बहराचे चार-सहा घड आहेत. त्यांतला एक मणी त्या वृद्ध गृहस्थांनी तोंडात टाकला आणि थुंकला. मग त्यांनी विचारले, काल रात्री सामना संपला त्या वेळी ही द्राक्षे नेमकी कुठे होती? चौथ्या हौदात, चार ब्रिक्स साखर शिल्लक, असे मी सांगितले. म्हणजे अजून वाईन झालेली नव्हती, असे ते म्हणाले.

चौथा हौद परवा दाबायचा आहे. तीन पिंपे धुऊन ठेवायला सांगितली आहेत.